पंखाच्या आतला हात

१८ ऑक्टोबर
शशे, कुळथाचं पीठ विसरलीसच ना? बॅग उघडली तर आतून तुझाच चष्मा निघाला, आणि पीठ राहिलं चिपळुणात. आता चष्म्याशिवाय हे वाचशील कशी, ते तुझं तू बघ.

मी सुखरूप पोचले. लंडनच्या विमानतळाजवळचं हे हाउन्सलोचं घर लहान आहे, पण ऊबदार. डोक्यावरून विमानं इतकी खाली जातात की एखाद्या दिवशी माझा वाळत घातलेला परकर घेऊन जातील. मला अक्षर येत नाही, म्हणून ईशितानं फोन असा लावून दिलाय की मी बोलायचं, त्यानं लिहायचं आणि तुझ्याकडे धाडायचं. माझाच आवाज घेतो म्हणे, दुसऱ्या कुणाचा नाही. तुझ्या भावोजींना जन्मभर जे जमलं नाही ते या डबीला जमतंय. नातीचं मराठी मात्र अजून धन्य! तिच्याकडे विमान ‘येतो’ आणि आजोबा ‘येते’.

आणि माझा लेक! आकाशात एवढी विमानं असताना परीक्षित गॅरेजमध्ये स्वतःचं विमान बांधतोय. ऋजुता म्हणते, आई, दुसऱ्यांचे नवरे दारू पितात, आमचा पत्रा पितो.

२२ ऑक्टोबर
आज पंख बघितला. ओट्यासारख्या लांब मेजावर पडलाय. आत पत्र्याच्या फासळ्या, फासळ्यांना हात जाईल एवढी भोकं, आणि वरून चकचकीत पत्रा. अर्धाच झालाय. परीक्षितनं तो तसाच विकत घेतला, खेड्यातल्या एका म्हाताऱ्याकडून. म्हातारा बाहेरून ठोकायचा आणि त्याची बायको आतून ठोकळा धरायची. ती गेली, त्यानंतर त्याच्यानं पुढे करवेना. पंख देताना एवढंच म्हणाला म्हणे, आतून टकटक आली तर उत्तर देऊ नका, थंडीत पत्रा वाजतो.

पत्रा वाजतो तर उत्तर कोण देईल, असं मी विचारलं. परीक्षित हसला.

२६ ऑक्टोबर
मला नोकरी लागली गं! परीक्षितचा दंड त्या भोकातून जात नाही, माझा वाळका हात सरळ जातो. मी आत लोखंडी ठोकळा धरायचा, त्यानं बाहेरून हवेची गन लावून रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचा बिनटोकाचा खिळा, ठोकायचा. मध्ये पत्रा, कानांवर ते मोठे टोप, त्यामुळे बोलणं नाही. नीट बसला तर मी आतून एकदा टक करायचं, नाही बसला तर दोनदा. दुपारभर टकटक केली. आई, तुझा हात सेट झालाय, म्हणाला. म्हटलं, अरे, भाकऱ्या थापून झालाय तो.

२ नोव्हेंबर
आज एक विचित्र झालं. चहा घेऊन गेले तर परीक्षित गॅरेजमध्ये नव्हता, दुकानात गेला होता. अजून पाचही वाजले नव्हते, पण बाहेर तिन्हीसांज. कप ठेवला आणि पंखाच्या आतून आवाज आला. टक.

सवयीनं माझं बोट वाकलं, शशे. मीही पत्र्यावर टक केलं.

आणि मग आई आठवली. तिन्हीसांजेला हाक आली तर तीनदा ऐकल्याशिवाय ओ देऊ नये, म्हणायची. मी पहिल्यालाच दिली. मनाशी म्हटलं, पत्रा वाजला असेल. तेवढ्यात परत वाजला. मी जसं करते तसंच. अगदी तसंच.

५ नोव्हेंबर
परीक्षितनं अख्खी ओळ एकट्यानं ठोकली. विचारलं, आत ठोकळा कोणी धरला? म्हणाला, काय आई, तूच तर होतीस, टक देत होतीस.

मी तेव्हा वर ऋजुताबरोबर मेथी निवडत होते.

त्याला सगळं सांगितलं, पंख विकून टाक म्हटलं. म्हणाला, तुला थंडी बाधली. पण रिव्हेट बघ कसे बसलेत, म्हणाला. माझ्यापेक्षा चांगले बसलेत, शशे.

६ नोव्हेंबर
आत थंडी आहे. हात दे.

७ नोव्हेंबर
ईशितानं मला हे सगळं वाचून दाखवलं. मध्येच थांबली. आजी, काल तू हे का बोलली, म्हणाली. कालच्या तारखेला लिहिलंय: आत थंडी आहे. हात दे.

मी काल काही बोललेच नाही. फोन गॅरेजमध्ये विसरला होता.

तो फक्त माझाच आवाज घेतो ना गं?

८ नोव्हेंबर
दुपारी मी गॅसपाशी. खालून माझाच आवाज आला. परीक्षित, इकडे ये रे, हात घाल जरा. धावत गेले. तो बाही वर सरकवून भोकात हात कोंबत होता, दंड सोलवटला तरी. मी ओढला. आई, तू तर आत होतीस, म्हणाला. पांढराफटक.

शशे, नीट ऐक आणि हे तरी विसरू नकोस. साखर झाल्यापासून गोडाचं नाव काढलं तरी मला मळमळतं, अख्ख्या आळीला ठाऊक आहे. मी फक्त कुळीथ मागेन. माझ्या नावानं कुणी गोड मागितलं तर ती मी नाही. लगेच परीक्षितला फोन कर. घराबाहेर पड म्हणावं.

९ नोव्हेंबर
शेवटचा पत्रा उद्या बसवायचा म्हणतो. थांबत नाही. रात्री भीती, सकाळी पुन्हा गन हातात — जणू बोलावणंच येतं त्याला.

पत्रा बसवताना तो आत वाकणार. तेव्हा ती आतली त्याला —

ओ मी दिली होती. पोरानं नाही.

१० नोव्हेंबर
सगळे बाहेर गेलेत. गॅरेजमध्ये आहे. फोन मेजावर. हात आत घातलाय, खांद्यापर्यंत. म्हटलं, बाई, तुझं माझं काय ते. त्याला सोड —

बोटं. गार. बांगडीपाशी —

शशे, सुटत नाही —

१० नोव्हेंबर
शशी, मी बरी आहे. आता थंडी नाही. परीक्षित आला, त्याला हाक मारली. पहिल्याच हाकेला ओ दिली, गुणी मुलगा. बाही वर करतोय. तू बेसनाचे लाडू पाठव. गोड, खूप गोड. आत आम्ही दोघी आहोत, तिघांना पुरतील एवढे पा —