असरची नमाज

आर. के. पुरम, नवी दिल्ली
२ जून १९८६

प्रिय शमशादआपा,

सलाम. आम्ही सगळे खुशाल आहोत. लू अशी चालली आहे की कूलरसुद्धा गरम हवा फेकतो. तुमच्या भावाच्या ऑफिसात ऑडिट आहे, इफ्तारीलाही घरी नसतात. मिरजेहून पाठवलेला खजूर पोचला.

तुम्ही लिहिलंत, अम्मांचे रोजे सांभाळते म्हणून माझी जन्नत पक्की. आपा, तेवढं वाक्य मागे घ्या.

डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, एवढ्या शुगरला रोजा म्हणजे जिवाशी खेळ. तुमची आई ऐकते का? "शुगर माझी, रोजाही माझा," म्हणाल्या. मग मी शेजारणीकडून अजानची कॅसेट आणली. मोतीबिंदूमुळे त्यांना दिसत नाही, त्यात खोलीत खसचे पडदे आणि कूलरचा आवाज. दुपारी झोपून उठल्या की मी कॅसेट लावायची. संध्याकाळ झाली समजून त्या रोजा सोडायच्या. वेळेवर गोळी पोटात जायची, शुगर ताब्यात राहिली. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

फक्त त्या रोज रडायच्या. "सूर्य बुडायच्या आत पढायची असर, आजही झोपेत गेली गं. अल्लाला काय तोंड दाखवू?" मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून जायची.

आज अजान निम्मी झाली आणि बत्ती गुल. कॅसेटचा आवाज लांबत, घोगरा होत बंद पडला. कूलरही थांबला. अम्मांच्या हातात खजूर. त्या चाचपडत खिडकीशी गेल्या, पडदा सारला आणि हातावर ऊन घेतलं.

"बेटा, हे कधीपासून?"

"पहिल्या रोजापासून," म्हणाले आणि रडायलाच लागले.

त्या पलंगावर बसल्या. खजूर खाल्ला, गोळी मागून घेतली. मग म्हणाल्या, "माझ्या जिवासाठी केलंस, ते अल्ला जाणतो. चलो, रोजे नाही ठेवत. पण माझी असर का घेतलीस? नमाजेनं काय शुगर वाढते?"

आपा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढ्या दिवसांत एकदाही नाही.

वेळ झाल्यावर मी जानमाज अंथरली. नमाज झाली आणि दुआत त्यांनी पहिलं नाव माझं घेतलं. मला ते सोसेना. तुम्ही तरी रागवा.

तुमची,
रमजानभर नुसतीच उपाशी राहिलेली,
मैमूना