जैनबखालांचा घरपट्टीचा अर्ज

बडनेरा, मंगळवार. मार्च संपत आला.

इतकं छान लिहायची काय गरज होती मला? शेजारच्या जैनबखालांचा एक पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. कापूस बुडाल्यापासून खेड्यातली गिऱ्हाईकं त्यांच्याकडे कपडे शिवून घ्यायला येत नाहीत, म्हणून अपंगांना मिळणारी घरपट्टीची सवलत त्यांना हवीच होती. अर्ज मी लिहिला. साध्या दोन ओळी पुरल्या असत्या. पण मी लिहिलं, 'अर्जदार एका पायानं शिलाईमशीन चालवून स्वाभिमानानं जगतात.' वर त्या वाक्यावर खूशही झाले.

आज कचेरीतल्या बाबूनं त्याच वाक्याखाली लाल रेघ मारून अर्ज परत दिला. घरात धंदा असेल तर सवलत नाही. उलट पुढच्या खोलीला दुकानाचा दर.

रिक्षात मी माफी मागितली. खाला हसल्या. "तुले कोनं सांगतलं वं माही तारीफ कराले? त्याइले लाचारी लागते. तशी लिव."

घरी येऊन त्यांनीच मशीनवर चादर टाकली. मी लिहिलं, 'अर्जदार कोणतंही काम करू शकत नाहीत.' ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. सही करताना मात्र माझ्याकडे पाहिलं नाही.