पिशवीसकट लावलेलं रोप

माननीय साहेब,

उद्या मला पुन्हा वनखात्याच्या चौकीवर बोलावलंत. माझे मिस्टर, वनरक्षक जगन्नाथ राऊत, शिकाऱ्यांना अडवताना गोळी लागून गेले, त्यांच्या आठवणीचं रोप लावायला. तीन वर्षांत तीन रोपं मेली. मरणारच! तुमचा शिपाई दरवेळी म्हणतो, "काकी, पिशवीसकट ठेवा, साहेबांना मीटिंग आहे." प्लास्टिकच्या पिशवीतून मुळं जातील कुठे? मी भुईगावच्या बागायती वाडीत वाढलेली बाई, मला हे कळत नाही? तरी गप्प बसते, कारण त्यांच्या जागी नोकरीसाठी केलेला माझ्या लेकीचा अर्ज तुमच्याच टेबलावर पडून आहे. म्हणून हे पत्रही आधीच्या पत्रांसारखं न पाठवता घरच्या डब्यातच राहील.

उद्या येते. पदराआड ब्लेड असेल. घाबरू नका, पिशवी फाडायला आहे.

प्रेमलता जगन्नाथ राऊत