अक्का ‘येस’ म्हणाली

जळगाव,
८ जानेवारी २०२५

ती. अक्काला सुकदेवचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुझी तब्येत ठीक असल्याचं नूतनकडून कळतं. इकडे ज्योतीची कंबर धरली आहे, बाकी सगळे खाऊनपिऊन सुखी.

द्वारकेच्या सहलीला काय लागलं ते आधी सांगतो. एकवीसशे चाळीस किलोमीटर, सहा दिवस, चार ओकाऱ्या, व्याह्यांची एक चप्पल, आणि तू. बाकीचं भरून निघेल.

तुझा फोन तुझ्या पिशवीत आणि तुझी पिशवी माझ्या कपाटात, म्हणून पत्र. नूतनच्या फोनवर तू येत नाहीस. परवा तिला विचारलं, आई काय म्हणते? तर म्हणाली, “मामा, गल्लीत कोणी विचारलं की आई एकच सांगते, गाडीमा जागा नव्हती, म्हनीसन परत उनी.”

जागा नव्हती म्हणून परत आलीस? त्या गाडीत आठ सीटा होत्या, अक्का. माणसं आपण सात.

दिवाळीपासून मी सहलीचा कागद करत होतो. किती वाजता निघायचं, कुठे थांबायचं, कोणी कुठे बसायचं, सगळं टाइप करून आणलं होतं. भाऊजी गेल्यापासून तू पहिल्यांदा तोंडाने काही मागितलंस, “सुका, माले द्वारका दखाड,” म्हणून तर हा सगळा घाट. आणि त्याच कागदावर मी तुला शेवटच्या सीटवर बॅगांशेजारी लिहिलं. का, तर व्याह्यांचे गुडघे दुखतात आणि विहीणबाईंना मागे बसलं की मळमळतं. तुझे गुडघे कोणी विचारले नाहीत. मीही नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सारिकाचे आईबाबा पुण्याहून आले. आठवतं ना, चहाच्या वेळी व्याही म्हणाले, “तुमच्याकडे ती अहिराणी बोलतात म्हणे. ऐकायची आहे एकदा.” मी म्हणालो, “खेड्यात बोलतात. आमच्या घरात नाही कोणी.” तू समोरच वाटाणे सोलत होतीस. मान वर केली नाहीस. दुसऱ्या दिवशी गाडीत तू गप्प होतीस, तेव्हा ज्योती म्हणाली अक्कांना गाडी लागत असेल. मला माहीत होतं काय लागलं होतं ते.

धुळ्याच्या अलीकडेच तुझ्या दशम्या आणि ठेचा बाहेर निघाला. विहीणबाईंनी नाकाला पदर लावला. “लसूण आहे का हो? एसीमध्ये फार कोंडतो.” डबा बंद झाला. मग त्याच एसीमध्ये आमच्या प्रेमराजने चीजचा वास येणारे चिप्स फोडले, तो वास कोणाला कोंडला नाही. पुढे सारिकाने ते सगळं पिशवीत परत काढलं. चालायचं, पोरीचा दोष नाही. पण धुळ्याच्या टोलवर व्याह्यांनी तो डबा कुत्र्यांपुढे उपडा केला, “नाहीतरी खराबच होणार,” म्हणाले, आणि कुत्री कशी तुटून पडली ते मोबाइलवर धरलं. मला शिसारी आली. येऊन काय उपयोग? मी हसलो.

आता साक्रीच्या अलीकडच्या धाब्याचं. तिथले संडास तू पाहिलेस. पाहून परत फिरलीस आणि मागच्या तुरीच्या शेताकडे गेलीस. इकडे सगळे गाडीत बसले. तुझी शाल बॅगांवर पडलेली, सगळ्यांना वाटलं तू आडवी झालीस. सारिकाने तरी, पोर सभ्य आहे, मागे न बघता हाक मारली, “अक्का, बसलात का?”

तुरीकडून तुझा आवाज आला, “येस, येस!”

सारिका म्हणाली, “चला बाबा, अक्का येस म्हणाल्या!” सगळी गाडी हसली. व्याही म्हणाले, “वा, तुमच्या अक्का इंग्लिश बोलतात की!” प्रेमराजने गिअर टाकला.

ही गोष्ट आता आमच्याकडे विनोद म्हणून सांगतात. पुण्याच्या पोरीला काय माहीत, आपल्याकडे ‘येस’ म्हणजे ‘येते’. प्रेमराज इंग्लिश शाळेतला, ज्योती बुलढाण्याची. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. असं म्हणायचं आणि पुढचा घास घ्यायचा.

कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूरला चहाला थांबलो. सात कप आले. सहा उचलले गेले, एक राहिला. तेव्हा ज्योतीने मागे जाऊन शाल उचलली.

पुढे काय झालं ते तुला प्रेमराजच्या तोंडून कळलं असेल, की सगळे घाबरले, आईने रडून घेतलं, धाब्याला फोन लावला, धाबेवाला म्हणाला आजीबाई धुळ्याच्या एसटीत बसून गेल्या. हे खरं आहे. पण मधलं तो सांगणार नाही. मधे व्याह्यांनी घड्याळ बघितलं. मागे गेलो तर आजचं बुकिंग जातं, असं म्हणाले. एसटीचं कळलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली, “चला, प्रश्न मिटला!” सत्तर वर्षांची बाई कमरेच्या पैशावर परक्या गावातून एकटी घरी जाते, आणि प्रश्न मिटतो. थंड झालेला तो सातवा चहा कोण पिणार, यावरही बोलणं झालं. तो मी प्यायलो.

आणि सहल छान झाली, अक्का. खोटं कशाला लिहू? समुद्र मोठा होता. देवळापुढे फोटो निघाले. विहीणबाई उंटावर बसल्या. प्रत्येक ठिकाणी गाडी सुटताना प्रेमराज ओरडायचा, “सगळे बसले का?” आणि सगळे एका सुरात, “येऽऽस!” पहिल्या दिवशी मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी हसलो. सोमनाथला मी पण ओरडलो. त्या रात्री लॉजवर जेवण पुढे आलं आणि मला माझ्याच तोंडाची किळस आली. चूळ भरून झोपलो.

आता ऐक. मी पंपाच्या जळालेल्या मोटरा भरायला शिकलो ते तुझ्या ओसरीत बसून. तेव्हापासून आजवर मी कानावर पोट भरलंय. पाचोऱ्याहून कोणी शेतकरी फोन करतो, मी म्हणतो मोटर चालू कर, फोन जवळ धर, आणि इथे बसून सांगतो, बेअरिंग गेलं की वाइंडिंग जळालं. पंचवीस वर्षांत चुकलो नाही, चारचौघांत मी हे छाती फुगवून सांगतो. असा माणूस पुढच्या सीटवर बसला होता. तुझा आवाज गाडीतून आला की गाडीबाहेरून, हे त्याला कळलं नसेल?

कळलं. शब्दही कळला. प्रेमराजला ‘थांब रे, ती येते म्हणतेय’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग व्याही म्हणाले असते, म्हणजे तुमच्या घरात बोलतात तर! मी वाट बघत राहिलो की तू धावत येशील, दारावर थाप मारशील, आणि मला काही बोलावं लागणार नाही. साक्री मागे पडली तरी मी थाप ऐकायचीच वाट बघत होतो.

रविवारी एसटीने येतो. पिशवी आणतो. गल्लीत जे विचारतील त्यांना मीच सांगेन, गाडीत जागा होती. ज्या बोलीत तू सांगितलंस त्याच बोलीत सांगेन. तू ओट्यावरूनच परत पाठवलंस तरी सांगून जाईन. पण तू दार उघडण्याआधी तुला आणखी एक माहीत असलं पाहिजे, नाहीतर ते उघडणं फसवून घेतलेलं होईल.

नवापूरला धाबेवाल्याचा फोन स्पीकरवर होता. तो आपल्याकडचाच. तुझा निरोप त्याने तुझ्याच शब्दांत दिला, “आजीबाई सांगी गयात, सुकाले सांगजो, मन्ही फिकीर करू नको. मी घर जास. तू जेवी ले.”

व्याह्यांनी मला विचारलं, “काय म्हणतोय तो?”

मी म्हणालो, “आवाज नीट आला नाही.”

तुना,
सुका