आठच्या आत मेल

डोंबिवली,
११ ऑगस्ट २०१६

चि. गुणाजीस आक्काचे अ. उ. आ.

पत्रास कारण, डोकं उठलंय. तुझी लाडकी भाची चार दिवस माहेरी राहून परवा बंगळूरला गेली आणि जाताना आपल्या आईला चक्क नोटीस बजावून गेली. मला ऐकू येत नाही, मी एकटी राहते, फोन वाजला तरी कळत नाही. म्हणून रोज सकाळी आठच्या आत मी बरी असल्याची मेल विनिताला पोचली पाहिजे. दसऱ्यापर्यंत हे जमलं नाही, तर ती येऊन घराला कुलूप लावणार आणि मला बंगळूरला नेणार. कल्याणच्या कोर्टात जन्मभर लोकांच्या नोटिसा टाइप केल्या, आता माझ्यावरच!

मोबाइल आणून दिलाय. त्यावरची अक्षरं दिसत नाहीत आणि बोट एकीकडे लावलं की उमटतं भलतंच. पण रिटायर होताना घेतलेला माझा कॉम्प्युटर आहे ना! पडदा मोठा, आणि कळा माझ्या टाइपरायटरच्याच क्रमाने बसवून घेतलेल्या. त्याला फक्त ब्रॉडबँड जोडायचंय. तू कारखान्यात एवढी मशिनं सुधारलीस, बहिणीचं एक सुधार. कोलशेतहून डोंबिवली म्हणजे काही काशी नव्हे.

लोभ नुसता कळवू नकोस, घेऊन ये.

तुझी,
आक्का


कोलशेत, ठाणे,
२२ ऑगस्ट

ती. स्व. आक्कास गुणाजीचा सा. न. वि. वि.

कालचा शीण अजून उतरला नाही. अगं, कॉम्प्युटर आहे की पडकं देऊळ? झाकण उघडलं तर आत पालीची अंडी, आणि वर तू विणलेली लोकरीची झालर! आतला पंखा पुसता पुसता माझी कंबर धरली. त्यात तो केबलवाला मारुती. दहाला येतो म्हणालेला, उगवला दिवेलागणीला, आणि तोही शिडी विसरून. तुमच्या बिल्डिंगमध्ये त्याचं पहिलं गिऱ्हाईक तूच, बाकी सगळे मोबाइलवर. म्हणून गच्चीवर नवीन पेटी बसवून तिथून वायर खाली सोडायला लागली. तुझा कॉम्प्युटर दर दोन मिनिटांनी विचारत होता, खात्री आहे का. शेवटी शेवटी माझीच कशाची खात्री उरली नव्हती.

पण शेवटी इंटरनेटच्या डब्यावर हिरवा दिवा लागला आणि तुझी मेल विनिताला गेली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मात्र मेलला मायना, तारीख, खुशाली, कळावे, एवढं सगळं नसतं गं! तुझी वहिनी ऐकून हसत सुटली.

आता निर्धास्त राहा आणि माझ्या कमरेवर लोभ असू दे.

तुझा,
गुणाजी


डोंबिवली,
३० ऑगस्ट

चि. गुणाजीस अ. उ. आ.

कसली निर्धास्त! तो हिरवा दिवा तुझी पाठ फिरेपर्यंतच होता. मी पहाटे उठते, खाली जाऊन जिन्यातले दिवे बंद करते, दूध वर आणते, आंघोळ आणि पूजा उरकून कॉम्प्युटरसमोर बसते. तर मेला दिवा लाल! आठ वाजून जातात, तो काही बदलत नाही. मारुतीला निरोप धाडला की तो दिवसभराची कामं आटपून, मी जिन्यातले दिवे लावल्यावर येतो, आणि तेव्हा सगळं सुरळीत. मी खोटी पडते. परवा त्याने समोरच्या ऋतिकाला खुणेनं विचारलं, आजी विसरतात का. अरे, मला ऐकू येत नाही, दिसतं!

त्यात तळमजल्याचे आबा. बिल्डिंग त्यांच्या वडिलांच्या शेतावर उभी आहे, त्यामुळे अंगातली मालकी अजून गेली नाही. मी उजाडायच्या आत जिन्यात काळोख करते, एक दिवस दूधवाला गडगडेल, असं मला पाटीवर लिहून दाखवतात. सोसायटीची सेक्रेटरी मी की ते? बिल वाढलं की शिव्या कोण खातं?

संध्याकाळी मेल जाते, पण विनिताला ती चालत नाही. रात्र एकटीने कशी काढली ते सकाळी कळलं पाहिजे म्हणते. तू काहीतरी कर बाबा. आशीर्वाद आहेतच, पण आता जरा घाई कर.

आक्का


कोलशेत,
११ सप्टेंबर

ती. स्व. आक्कास सा. न. वि. वि.

तुझा तो धोंडा उचलून मी ठाण्याच्या दुकानात नेलेला. तिथे दिवसभर फर्स्टक्लास चालला. परत आणून तुझ्याकडे लावला, संध्याकाळी चालला, आणि सकाळी पुन्हा तुझं रडगाणं. माझ्या तर तोंडाला फेस आला. दुकानदाराने मला भंगारवाल्याचा नंबर दिला, तोही हसत.

विनिताचा फोन आलेला. तिने तुझं तिकीट काढलंय. मामा, तुम्हीच समजवा म्हणाली, आणि बोलता बोलता रडली गं. मी काय म्हणतो, दोन-चार महिने जाऊन ये. हवाही थंड आहे. नाही पटलं तर परत यायचं.

रागावू नकोस. आहे तो लोभ कमी करू नकोस.

गुणाजी


डोंबिवली,
१७ सप्टेंबर

चि. गुणाजीस आशीर्वाद. ते काही मला अडवता येत नाहीत, म्हणून.

तू पण त्यांच्यातलाच झालास. बंगळूरला विनिता आणि जावई दिवसभर ऑफिसात. तिथे माझ्याशी कागदावर लिहून कोण बोलणार? इथे भाजीवाली बोटांनी भाव सांगते. ऋतिका बेल वाजवून उपयोग नाही म्हणून स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत येते. आबा तर भांडायलासुद्धा पाटी-पेन्सिल घेऊन येतात. आपण बहिऱ्या आहोत हे इथे मी दिवसातून चारदा तरी विसरते. तिथे मला दुसरं काही आठवणारच नाही. आणि या वयात कुलूप लावलेलं घर परत उघडत नाही रे.

तू येऊ नकोस. कॉम्प्युटरचं मी बघते.

आक्का


डोंबिवली,
२९ सप्टेंबर

चि. गुणाजीस अ. उ. आ.

परवा तू धावत आलास, वहिनीने डबा दिला, सगळं पावलं. पण तेव्हा घरात माणसांची एवढी गर्दी की घडलं काय ते तुला नीट सांगता आलं नाही.

पहाटे मोरीत पाय सटकला. घोटा असा फिरला की उठता येईना. मी ओरडत होते, पण आवाज बाहेर जातो की नाही तेही मला कळेना. खरं सांगते, तेव्हा विनिताचंच बरोबर होतं असं वाटलं आणि मी रडले.

उजाडलं. जिन्यातले दिवे तसेच. आबा चहा घेऊन ओट्यावर बसले, तर दिवे चालू! आज सेक्रेटरीबाईंना पकडलंच म्हणून पाटी घेऊन वर यायला निघाले, आणि म्हणे अर्ध्या जिन्यातच थबकले. ही बाई दिवे विसरणं शक्य नाही. त्यांनी ऋतिकाला उठवलं, तिने किल्लीने दार उघडलं. मोरीच्या दारात आबा दिसले. पाटी हातातच होती, तिच्यावर लिहिलेलं: बिल कोण भरणार?

प्लास्टर घालून आणून मला बाहेरच्या खोलीत बसवलं, तर भर दुपारी इंटरनेटच्या डब्यावर हिरवा दिवा! मी म्हटलं, हा आज कसा? आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मारुतीने गच्चीवरच्या पेटीला लाइट घेतली होती ती जिन्याच्या दिव्यांवरून. खालचं बटण बंद केलं की पेटीही बंद. म्हणजे इतके दिवस रोज पहाटे मीच माझं ब्रॉडबँड तोडत होते, आणि शिव्या मारुतीला घालत होते. हस आता पोटभर.

विनिताला लगेच मेल केली. पडले तेही लिहिलं. लपवून काय करू? आता ती काय ते ठरवेल.

लोभ होताच, मध्ये जरा रुसला होता.

तुझी,
आक्का


बंगळूर,
१७ नोव्हेंबर

ती. स्व. मामांस विनिताचा सा. न. वि. वि.

कागदावर लिहिते आहे, अक्षराला हसू नका. दसऱ्याला मी आईला न्यायलाच आले होते. बॅग भरायला घेतली, तर आबा वर येऊन बसले. पाटी मांडीवर पालथी ठेवून ते आईच्या खुर्चीशेजारून हलेनात. ऋतिकाने दोनदा चहा केला. मीच मग बॅग उचलून माळ्यावर टाकली. मी इथून नुसती मेलची वाट बघत होते, मामा, आणि आईवर लक्ष ठेवणारे तिच्या जिन्यातच होते. आणि मी बरी आहे हे त्यांना कळवायला ती रोज एक बटण दाबत होती, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मारुतीने पेटीची लाइट आईच्या मीटरवर घेतली आहे. मेल रोज साडेसातला येते. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मायना नाही, खुशाली नाही, एकच ओळ. पहिली आली: आबांनी दिवे बंद केले, फार उशिरा. दुसऱ्या दिवशी: आबांनी बंद केले, गच्चीचा विसरले. सहा आठवडे आबांची तक्रार वाचूनच माझा दिवस सुरू होत होता.

परवा प्लास्टर निघालं. आज सकाळची मेल तुम्हाला सांगावी म्हणून हे पत्र. ऑफिसची बस दारात उभी होती आणि मी पडद्यासमोरून हलले नाही. साडेसात झाले, पावणेआठ झाले. आठला पाच मिनिटं असताना आली:

जिना सावकाश उतरले. दिवे मी बंद केले.

तुमची,
विनिता