निळ्या दोऱ्याची जोडी

आंबेपाडा, ता. तलासरी
१८ नोव्हेंबर २०२४

ती. चंद्रिकाताईस,
धाकट्या जयवंतीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. फोन न करता लिहिते आहे, कारण आमच्या पाड्यात रेंज फक्त बोअरिंगजवळच्या टेकाडावर येते. तिथे ओरडून बोलावं लागतं आणि पाणी भरायला आलेल्या सगळ्या बायका ऐकतात. मेसेज करावा तर तुझा फोन दिवसभर तुझ्या पोरांच्या हातात. म्हणून ही चिठ्ठी आमच्या ड्रायव्हर सुदामभाऊंच्या हाती देते आहे. ते अजून डहाणू-तलासरी गाडीवरच आहेत, सरावलीच्या नाक्यावर तुला देतील.

आधी बातमी. सोळा डिसेंबरपासून मी पुन्हा गाडीवर! बाळंतपणाची रजा संपते. काल पेटीतून खाकी ड्रेस काढला, घालून आरशासमोर उभी राहिले आणि कडेवरच्या चिमीला पुढे सरकायला सांगितलं. पाच महिन्यांची पोर सरकणार कुठे? पण हसली. ताई, तिकिटाचं मशीन, घंटीची दोरी, बाजाराच्या दिवशी टोपल्यांची भांडणं, मला सगळ्याची आठवण येते गं. कधी एकदा सोळा तारीख उजाडते असं झालंय.

पण एक अडचण आहे आणि ती तुझ्याशिवाय कोणाला सांगू? शुक्रवारी कागद द्यायला आगारात गेले होते. खिडकीशी उभी असताना कोणाचं तरी बाळ रडलं. आपलं नव्हे, भलत्याच बाईचं! आणि माझ्या दोन्ही बाजू भिजल्या. फाईल छातीशी धरली ती धरलीच. साहेबांनी सही करायला सांगितलं, तर फाईल न सोडता कागद भिंतीला टेकवून सही केली. हसलीस ना? मला मात्र घरी येऊन रडू आलं. रडणारं पोर नाही अशी एसटी तू कधी पाहिली आहेस का? आणि खाकीवर पाण्याचा थेंब पडला तरी लांबून दिसतो.

मेडिकलमधून वापरून फेकायचे पॅड आणले होते. घामाने त्यांचा डिंक सुटतो, ओले झाले की आत गोळे होतात. सासूबाईंचं म्हणणं सरळ आहे. ड्यूटीच्या आधी चिमीचं अंगावरचं तोडावं आणि पावडरचा डबा आणावा. त्या मनाच्या वाईट नाहीत, पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांचा हंडाच बघ. बुडाशी गळतो, रोज डोकं भिजतं, पण बदलायचं नाव नाही. मला तोडायचं नाही, ताई. पण सोळा तारखेपर्यंत तुला काही उपाय सुचला नाही तर माझ्यापुढे दुसरा मार्ग नाही.

चिमीचे तुला दोन मुके. लोभ आहेच, तो परतीच्या गाडीने पाठव.

तुझी,
जयवंती

•

सरावली
२० नोव्हेंबर २०२४

चि. जयवंतीस अनेक आशीर्वाद.

तुझी ती फाईल वाचून इतकी हसले की हातातला ब्लाऊज वाकडा शिवला गेला. ज्या बाईचा आहे तिला सांगणार आहे की माझ्या बहिणीचा दोष. आता नीट ऐक. मुळीच तोडायचं नाही. मी शिवणाचं मशीन घेऊन बसले आहे आणि माझी बहीण दुधापायी हरणार? वेडी कुठली!

धुवून पुन्हा वापरायचे पॅड शहरातल्या बायका सर्रास वापरतात. कालच डहाणू रोडला कापडवाल्या शेठकडे गेले. कशासाठी हवं हे त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. बिचारे एकदम छताचा पंखा बघायला लागले, पण कापड चांगलं दिलं. तीन तऱ्हेच्या जोड्या पाठवते आहे. ओळखायला कडेने दोरा वेगवेगळा घातला आहे. लाल दोऱ्याची नुसत्या टॉवेलच्या कापडाची, चांगली जाडजूड. पिवळ्याला आतून ते लव असलेलं, दुलईचं मखमली कापड लावलंय, हात लावशील तर काढवणार नाही. निळ्या दोऱ्याची जरा साधी दिसते. अंगाला बनियनचं सुती, मध्ये टॉवेलचे दोन पदर, बाहेरून रेनकोटच्या आतलं पातळ कापड. ते बाहेरचं अंगाला लावू नकोस, नाहीतर उकडून निघशील. प्रत्येक तऱ्हेच्या दोन जोड्या आहेत, आलटून पालटून घाल आणि काय होतं ते कळव.

सुदामभाऊंनी पिशवी चाचपून विचारलं की घावन आहेत का. मी हो म्हटलं. तू त्यांच्यासमोर पिशवी मात्र उघडू नकोस.

सासूबाईंना नमस्कार सांग. घरादारावर माझी माया आहेच, चिमीवर थोडी जास्त.

तुझी ताई,
चंद्रिका

•

आंबेपाडा
२७ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पिशवी पोचली. घावन न दिल्याबद्दल सुदामभाऊ रुसले आहेत.

तुझी मखमल दिसायला राणी, पण कामाची नाही. दूध तिच्यावरून घरंगळतं आणि ती स्वतः जागेवरून सरकते. भाकरी थापताना एक पार काखेत पोचली होती. लाल दोऱ्याची दूध पिते छान, पण खाकीच्या आत दोन वाट्या ठेवल्यासारख्या दिसतात आणि तासाभराने बाहेर ओल येतेच. निळी लावली त्या दिवशी मी नाचायची बाकी राहिले. शेजारणीचं पोर मुद्दाम जवळ घेऊन बसले, ते कोकलून रडलं, मी भिजले आणि ड्रेस कोरडा!

पण ताई, आनंद चार दिवस टिकला. आता निळ्या जोडीला आंबूस वास येतो आणि अंगावर बारीक पुरळ उठलंय. खाज इतकी की चिमीला पाजताना दात आवळून बसते. उपकेंद्रातल्या नर्सताईंनी मलम दिलं आणि कापड स्वच्छ वाळलेलं असू दे म्हणाल्या. मी तर रोज धुते, सुगंधी पाण्यातूनही काढते! मग चुकतंय कुठे? काल सासूबाईंनी पावडरचा डबा आणून फळीवर ठेवला. चूल पेटवताना नजर सारखी तिकडे जाते.

लवकर लिही. तुझ्या लोभाची कधी नव्हती एवढी गरज आहे.

तुझी,
जयवंती

•

सरावली
२९ नोव्हेंबर २०२४

चि. जयवंतीस आशीर्वाद, आणि एक धपाटा.

धुतेस रोज, पण वाळत कुठे घालतेस? सांगू नकोस, मला माहीत आहे. गोठ्यामागे, परकराच्या खाली, कोणाला दिसू नये म्हणून. आईने आपल्याला तेच शिकवलं आणि आपण डोळे मिटून तेच करत आलो. परकराखाली ऊन कुठून येणार? ओलं कापड अंगावर चढवतेस, मग पुरळ उठेल नाही तर काय होईल? चिमीचे लंगोट अंगणात मिरवतात, आणि तिच्याच दुधाचं कापड चोरासारखं लपतं!

उद्यापासून सगळ्या जोड्या अंगणातल्या दोरीवर, भर उन्हात. कडक वाळेपर्यंत काढायच्या नाहीत. साधा साबण लाव. सुगंधी पाणी बंद कर, त्याने कापड मऊ होतं पण पाणी प्यायचं विसरतं. पुरळ बरं होईपर्यंत घरी लाल वापर, निळ्या ड्यूटीसाठी ठेव आणि ओल्या झाल्या की लगेच बदल. सासूबाईंनी विचारलं तर सांग, चंद्रिकाने सांगितलंय. माझ्याशी भांडायला त्यांना बस पकडून यावं लागेल.

माया आहे म्हणून रागावते, हे समजून घ्यावे.

ताई

•

आंबेपाडा
७ डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई, बस आधी! उभ्याने वाचू नकोस.

तुझ्या धपाट्यानंतर सगळ्या जोड्या अंगणात घातल्या. सासूबाई पाण्याला निघाल्या, दोरीपाशी थांबल्या आणि लाल दोऱ्याच्या दोन काढून, डोक्यावर ठेवून, वर हंडा घेऊन चालू लागल्या. त्यांना वाटलं तू त्यांच्यासाठी नव्या तऱ्हेची चुंबळ शिवून पाठवलीस! मी दारात चिमीला घेऊन तशीच उभी. परत आल्या त्या नेहमीसारख्या चिंब, आणि तुझ्या शिवणाला नावं ठेवत. दुसऱ्या दिवशी निळ्या दोऱ्याच्या चारही एकावर एक ठेवल्या, रेनकोटची बाजू खाली. परत आल्या, हंडा उतरवला आणि केसांवरून हात फिरवला. केस कोरडे! एवढी वर्षं त्या हंड्याखाली भिजणारं डोकं कोरडं! त्या लगेच दुसरी खेप घालायला गेल्या, कारण बोअरिंगवर सगळ्यांना दाखवायचं होतं. आता पाच बायकांना चंद्रिकाच्या हातची चुंबळ हवी आहे.

शेवटी परवा तांदूळ निवडताना धीर करून खरं सांगितलं. त्यांनी चुंबळ हातात घेतली, उलटी करून पाहिली, छातीशी धरून पाहिली. मला वाटलं आता वीज पडणार. पण त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की सुपातले तांदूळ सांडले. हसता हसताच वाकून त्या ते गोळा करू लागल्या.

मग सांगू लागल्या. दिपक तीन महिन्यांचा असताना त्या चिकूच्या वाडीत कामाला जायच्या. झाडाखाली दुसऱ्या बाईचं पोर रडलं की यांचं लुगडं भिजायचं. एकदा मुकादम सगळ्या मजुरांसमोर त्यावर काहीतरी बोलला आणि सगळे हसले. त्या रात्री त्यांनी छातीला फडकं करकचून बांधलं. आठवड्यात दूध आटलं. दिपक पेजेवर वाढला. माझं तसं हसं होऊ नये म्हणून त्यांनी तो डबा आणला होता गं! आणि मी त्यांच्यावर मनातून किती रागावले होते. दिपकला हे कधी सांगितलं नाही, तो तुझा नवरा असला तरी तूही सांगू नकोस, असं त्यांनी मला बजावलं.

आज सकाळी फळीवर डबा नव्हता. दुकानात परत देऊन आल्या. पुरळही गेलं. ताई, निळ्या दोऱ्याच्या आणखी सहा जोड्या हव्यात, सोळाच्या आत! चुंबळ शिवायला वेळ घालवू नकोस.

तुझा लोभ डोक्यावर कोरडा सांभाळणारी,
जयवंती

•

सरावली
१२ डिसेंबर २०२४

चि. जयवंतीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना एका डोळ्यात हसू होतं आणि एका डोळ्यात पाणी. सहा जोड्या पाठवल्या आहेत. हाती घेतलेले ब्लाऊज सगळे बाजूला सारले, बायका रागावल्या तर रागावू देत. सुदामभाऊंना यावेळी खरोखरच घावन दिले आहेत.

तुझ्या सासूबाईंना, कमळीआईंना, माझा वाकून नमस्कार. सोळा तारखेला दिवसभर माझं चित्त तुझ्या गाडीत असेल. आशीर्वाद आहेतच, आता फक्त घंटी वाजव.

ताई

•

गाडीतून, १६ डिसेंबर

ताई, नमस्कार वगैरे सगळं यातच. दहा मिनिटांचा थांबा आहे. सकाळपासून तीन पोरं रडली, तिन्ही वेळा पाझर फुटला, तिन्ही वेळा ड्रेस कोरडा! एकदा जोडी बदलली. वर मान करून तिकिटं फाडते आहे. आता आमच्या फाट्याकडे निघालो. सुदामभाऊ हॉर्न वाजवताहेत. बाकी नंतर.

ज.

•

आंबेपाडा
१७ डिसेंबर २०२४

चंद्रिका मुलीस,
कमळीआईचा भरपूर आशीर्वाद. मी सांगते आहे आणि दिपक लिहितो आहे.

जयवंती दमून झोपली आहे, म्हणून कालचं मी कळवते. काल दुपारी फाट्यावर चिमीला घेऊन उभी राहिले. शेवटच्या थांब्यावर गाडी वीस मिनिटं उभी राहते, तिथे पाजून घ्यायचं असं आमचं ठरलं होतं. गाडीत चढले. सुनेने मला तिकीट विचारलं. मी तिची सासू, पण काढलं तिकीट. ते खुंटीला टोचून ठेवलं आहे. चिमीने आईला पाहिलं आणि जो सूर लावला तो अख्ख्या गाडीने ऐकला. आई समोर, पण हातात मशीन, घेता येईना. माझी नजर जयवंतीच्या ड्रेसवर. गाडीतल्या बायकांचीही तिकडेच, बायकांना सगळं कळतं. मी एका जागी डोळा लावून बसले होते. कुठेही ओल नाही. ती शांतपणे मागच्या सीटपर्यंत तिकिटं देत गेली. शेवटच्या थांब्यावर खिडक्या लावून पोरीला पोटभर पाजलं. सुदाम खाली उभा राहून मी नेलेले घावन खात होता.

मला चिकूची वाडी आठवली. मुली, त्या वेळी कुणी मला तुझ्यासारखं कापड शिवून दिलं असतं, तर माझ्या दिपकला वर्षभर दूध मिळालं असतं. मीच ते फडकं बांधून आटवलं. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. आज त्याच्याच हाताने लिहवून घेते आहे.

इथून पुढे अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. दिपक उठून माझ्याजवळ येऊन बसला. आत्ता माझ्या मांडीला टेकून लिहितो आहे.

जयवंतीने माझ्या चारही चुंबळी परत नेल्या. तेव्हा मला दोन शिवून पाठव, निळ्या दोऱ्याच्याच. हंडा मी बदलणार नाही.

तुझ्यावर आमचा लोभ बसला आहे, तो घ्यायला एकदा ये. जयवंतीच्या गाडीने ये, आणि तिकीट काढ.

कमळीआई