सूनबाईच्या चाकातली हवा

३ फेब्रुवारी, सोमवार

डोंगर उतरायच्या शर्यतीच्या सायकलला नवे टायर आले! सूनबाईने अंगणभर पसारा मांडलाय. रबराच्या गाठी केवढाल्या — आणि आत ट्यूबच नाही! त्याऐवजी दुधासारखं पातळ औषध ओततात, भोक पडलं की ते आपलं आपण बुजतं. चाळीस वर्षं पंक्चर काढून पोट भरलं मी. हे औषध तेव्हा निघालं असतं तर आमची चूल पेटली नसती.

हवा किती, तर पुढे बावीस पौंड, मागे पंचवीस. अंगठा दाबून पाहिला — उशी! म्हटलं, अगं, डोंगर उतरायचाय की झोप काढायचीय? हसली. म्हणे, टायर दगडावर बसला पाहिजे. टणक असला की उडतो, आणि उडाला की घसरतो. मान डोलावली. पटलं काहीच नाही.

५, बुधवार

पहाटे अंगण झाडलं, दिसेल त्या चाकात हवा भरली. दुकान बंद केलं तरी हात कुठे ऐकतो? मऊ चाक दिसलं की जीव कासावीस होतो.

९, रविवार

सरावातून लंगडत आली. बारीक खडीच्या वळणावर पुढचं चाक निसटलं. गुडघा सोलवटलाय. लेकाचं मत — टायरचं रबर कडक असेल. म्हणून आता पुढे मऊ रबराचा, मागे तोच.

१२, बुधवार

मऊ टायरही निसटला! या वेळी कोपर.

तिची एक वही आहे — माती ओली की सुकी, टायर कुठला, हवा किती. संध्याकाळी जुनी हवा सोडून नवी भरते, मोजते, लिहिते, सकाळी तशीच निघते. आज वही उघडली नाही. रविवारी निवडीची शर्यत आहे, पहिल्या तिघी संघात. जेवताना हळूच म्हणाली, "आज पडले तशी रविवारी पडले, तर सायकल विकून टाकते, आई. खोट टायरमध्ये नाही, माझ्यात आहे."



१३, गुरुवार

आज सराव नव्हता, म्हणून सायकल अंगणातच. पहाटे नेहमीसारखा पंप मारून झाला, अंगठ्याने दाबून पाहिलं, छान टणक — आणि तिचं 'टणक असला की उडतो' आठवलं. धावत जाऊन तिचा हवा मोजायचा इवलासा मीटर आणला. छत्तीस! काल संध्याकाळी तिने बावीस केली होती.

रोज पहाटे मीच! झोपेत चालल्यासारखी. लेकरू आपटत होतं ते माझ्या अंगठ्यापायी.

गुपचूप हवा काढली.

१४, शुक्रवार

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण ती स्वतःलाच दोष देत राहिली असती. संध्याकाळी सांगून टाकलं.

ती तडक उठली. मग वही आणली आणि 'बावीस' खोडून सगळीकडे 'छत्तीस' लिहिलं. लिहिता लिहिता हसायलाच लागली. छत्तीसवर आपण तळापर्यंत पोचलो तरी कशा, म्हणे!

मग माझा अंगठा धरून टायरवर ठेवला. डोळे मिटायला लावले. ही अठरा. ही तीस. ही बावीस. तासभर शिकवणी! जन्मात पहिल्यांदा मला गुरू मिळाला, तोही सुनेच्या रूपात.

१६, रविवार

गाडीच्या टपावर ऊन खाऊन टायर टणक झालेले. वर पोचल्यावर हवा कमी करायची, तर मीटरची बॅटरी संपली म्हणे! तिने हेल्मेट चढवलं, सायकल माझ्यापुढे धरली.

"आई, तुम्हीच."

डोळे मिटले. फुस्स — दाबलं — अजून जरासं — बास. झालं, म्हटलं. खरं की खोटं, मोजायला काही नव्हतं. ती निघालीसुद्धा.

खडीचं वळण आलं तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घेतले. खालून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा उघडले. वळण मागे पडलं होतं, आणि ती सुसाट खाली!

दुसरी आली. संघात आहे.

१७, सोमवार

तिची पिशवी धुवायला काढली. तळाशी मीटर. सहज बटण दाबलं — लख्ख पेटला.

होता तिथे ठेवून दिला. मी काही पाहिलं नाही.